एअर सस्पेन्शनवाली जुनी एसयूव्ही झुकलीये? कॅलिब्रेशनच्या आधी मोजायची टेप हातात घ्या

जुनी लक्झरी एसयूव्ही पाळणाऱ्याला एक दिवस हे दिसतंच. सकाळी गाडीपाशी जावं तर मागचा एक कोपरा बसलेला, किंवा गाडी चालू असताना सुद्धा एका बाजूला झुकलेली, आणि डॅशबोर्डवर दिवा काही लागलेला नाही. मग कोणीतरी ठामपणे सांगतं की हाइट कॅलिब्रेशन गेलंय, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं यंत्र) लावून परत सेट करून घे, दहा मिनिटांचं काम आहे. मला ह्या सल्ल्याबद्दलच लिहायचंय. तो चुकीचा असतो असं नाही, पण तो बरेचदा चुकीच्या वेळी दिला जातो आणि चुकीच्या वेळी केलेलं कॅलिब्रेशन खरा बिघाड झाकून ठेवतं, तो बिघाड मग सहा महिन्यांनी मोठा होऊन समोर येतो आणि तोपर्यंत कॉम्प्रेसर पण गेलेला असतो.

आधी सिस्टीम काय आहे ते बघू, कारण ती एकदा डोक्यात बसली की निम्मं ट्रबलशूटिंग आपोआप होतं. रेंज रोव्हरमध्ये एअर सस्पेन्शन १९९२ साली आलं, आणि २००० नंतर मग डिस्कव्हरी ३, पोर्शे कायेन, फोक्सवॅगन टूआरेग, ऑडी क्यू७, मर्सिडीजची एमएल आणि जीएल अशा बऱ्याच गाड्यांत ते मिळायला लागलं. प्रत्येकाचे पार्ट वेगळे, पण कल्पना सगळीकडे एकच. चाकांजवळ लोखंडी कॉइल स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी बेलो असतात, कोणी बॅलून म्हणतं कोणी एअर स्प्रिंग म्हणतं, तेच ते. कॉम्प्रेसर हवा दाबतो, गाडीनुसार साधारण १० ते १६ बार. ती हवा ड्रायरमधून जाते, त्यात सिलिका जेलचे दाणे असतात ते ओलावा शोषून घेतात. बहुतेक गाड्यांत एक छोटी टाकी पण असते म्हणजे गाडी उचलायला दरवेळी कॉम्प्रेसरची वाट बघावी लागत नाही. आणि ह्या सगळ्याच्या मधे वॉल्व्ह ब्लॉक, विजेवर उघडबंद होणाऱ्या वॉल्व्हचा एक ठोकळा, तो ठरवतो की हवा कुठल्या कोपऱ्यात जाणार आणि कुठून बाहेर सुटणार.

आता वॉल्व्हला कोण सांगतं? सस्पेन्शनचा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे सस्पेन्शन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर. आणि त्याला गाडीची उंची कशी कळते, तर प्रत्येक चाकापाशी एक हाइट सेन्सर असतो. सेन्सर गाडीच्या चॅसीवर बसवलेला, त्यातून एक छोटा दांडा बाहेर आलेला, आणि तो दांडा एका बारीक कांडीने चाक धरणाऱ्या खालच्या आर्मला जोडलेला. चाक वर गेलं की कांडी दांडा ढकलते, दांडा फिरतो, सेन्सरमधून निघणारं व्होल्टेज बदलतं. एवढंच. मॉड्यूलला मिलीमीटर दिसत नाहीत, त्याला फक्त दांड्याचा कोन दिसतो, तोही व्होल्टेजच्या रूपात. १९९४ ते २००२ च्या रेंज रोव्हरमध्ये, जिला लोक पी३८ म्हणतात, हाच आकडा ० ते २५५ असा दिसतो, तिथे मिलीमीटरचं नावच नाही.

आता दोन सेन्सर कधी अगदी सारखे नसतात, ब्रॅकेट एखादा मिलीमीटर इकडेतिकडे असतो, कांडी थोडी वेगळी असते. म्हणून कारखान्यात गाडी ठरलेल्या उंचीवर उभी करून मॉड्यूलला सांगितलं जातं की बाबा, ह्या क्षणी तुला पुढच्या डावीकडून जो आकडा दिसतोय ना तो म्हणजे नॉर्मल उंची, तो लक्षात ठेव. चारही कोपऱ्यांचं असं करायचं. ह्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. तराजूला पासंग लावण्यासारखंच हे. पारडी रिकामी असताना काटा मधे नसेल तर पासंग लावून तो मधे आणायचा. पण पारड्यात कोणाची तरी पिशवी राहिलीये आणि आपण पासंग लावून काटा सरळ केला, तर तराजू सरळ दिसेल आणि पुढचं प्रत्येक वजन चुकेल. बेलो गळत असताना केलेलं कॅलिब्रेशन हे असंच असतं.

माझ्या स्वतःच्या गाडीवर हे झालंय म्हणून इतकं जीव तोडून सांगतोय. मागचा उजवा कोपरा साधारण २ सेंटीमीटर खाली असायचा, एका वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून त्या कोपऱ्याची नॉर्मल उंचीच २ सेंटीमीटर वाढवून सेव्ह केली. गाडी सरळ दिसली, मी खूश. बेलो मात्र गळतच होता, कॉम्प्रेसर सारखा चालत होता, आणि मुळात तो कोपरा खाली दिसत होता कारण कॉम्प्रेसर दमला की मॉड्यूल पुढचा प्रयत्न सोडून द्यायचा. पुढे बेलो बदलला आणि गाडी तोच कोपरा २ सेंटीमीटर वर करून उभी राहिली. कारण हवा टिकायला लागली आणि मॉड्यूलला शिकवलेली उंचीच खोटी होती. म्हणजे एका बिघाडाचे दोन झाले, आणि दुसरा आम्हीच बनवलेला.

तर मग सुरुवात कुठून करायची? टेपपासून. साधी मोजायची टेप. गाडी सपाट जागी, नॉर्मल मोडमध्ये, इंजिन चालू, आणि चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत किती मिलीमीटर आहे ते चारही चाकांना मोजायचं. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका, कारण मग त्यात टायर येतो, टायरची हवा येते, टायर किती झिजलाय ते पण येतं. चाकाच्या मध्यापासून मोजलं की टायरचा संबंधच संपतो. कंपन्या सुद्धा साधारण असंच मोजतात आणि प्रत्येक मॉडेलचा ठरलेला आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतो, पुढचा वेगळा मागचा वेगळा, तो तुमच्याच मॉडेलचा आणि तुमच्याच सस्पेन्शन प्रकाराचा शोधा, दुसऱ्याच्या गाडीचा चालत नाही.

आता ह्या टेपच्या शेजारी स्कॅनर लावा, असा स्कॅनर ज्यात सस्पेन्शन मॉड्यूलचा लाइव्ह डेटा दिसतो (फक्त इंजिनचे कोड वाचणारे स्वस्त यंत्र इथे कामाचं नाही). त्यात मॉड्यूल प्रत्येक कोपऱ्याची उंची काय समजतोय ते दिसतं. आणि आता दोन्ही आकडे समोरासमोर ठेवा. ह्या एका तुलनेत सगळ्यात जास्त माहिती आहे, म्हणून इथे घाई करू नका.

समजा टेप म्हणतीये कोपरा २० मिलीमीटर खाली आणि मॉड्यूल पण म्हणतोय २० मिलीमीटर खाली. म्हणजे मॉड्यूलला सगळं बरोबर दिसतंय, बिचाऱ्याला उचलायचंय पण उचलता येत नाहीये. इथे कॅलिब्रेशनचा काहीही संबंध नाही, शोध हवेचा घ्यायचा, गळती, कॉम्प्रेसर, वॉल्व्ह. आणि समजा टेप म्हणतीये २० खाली पण मॉड्यूल म्हणतोय सगळं शून्यावर, एकदम ठीक, तर मॉड्यूलला खोटी माहिती मिळतीये. मग सेन्सर, कांडी, ब्रॅकेट, वायरिंग, आणि हे सगळं ठीक निघालं तरच कॅलिब्रेशन. दुसऱ्या प्रकारात दिवा लागत नाही हे पण लक्षात घ्या. मॉड्यूलच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नाही तर तो तक्रार कशाची करणार.

स्कॅनर हाताशी नसेल तरी काळाकडे बघून बराच अंदाज येतो. गळतीचा झुकाव वेळेनुसार बदलतो, रात्री ठीक सकाळी खाली, चालू केलं की पाच मिनिटात वर. कॅलिब्रेशनचा झुकाव बदलत नाही, सकाळी तेवढाच संध्याकाळी तेवढाच, गाडी उंच मोडमध्ये न्या तरी साधारण तेवढाच फरक, खालच्या मोडमध्ये तेवढाच. आणि सेन्सर झिजलेला असेल तर लहरी वागतो, आज ठीक उद्या तिरका, खड्ड्यातून गेलं की बदलला, मधेच उभ्या गाडीला वाटतं की वर जायचंय मग वाटतं खाली जायचंय.

गळती शोधताना एक गोष्ट बऱ्याच लोकांना फसवते. काही गाड्यांचा मॉड्यूल, डिस्कव्हरी ३ आणि तिच्या भावंडांमध्ये तर हे नक्की, गाडी लॉक करून ठेवल्यावर पण दर काही तासांनी जागा होतो आणि गाडी समतल आहे का बघतो. एक कोपरा खाली गेलेला दिसला तर कॉम्प्रेसर न चालवता तो बाकीच्या तीन कोपऱ्यांची हवा सोडून त्यांना पण खाली आणतो. म्हणजे सकाळी पूर्ण गाडी सारखी बसलेली दिसते आणि माणूस म्हणतो चारही बेलो गेले, आणि प्रत्यक्षात एकच गळत असतो! म्हणून रात्री उंच्या लिहून ठेवा आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढून गाडी उभी ठेवा. मग मॉड्यूल झोपलेलाच राहतो आणि सकाळी खरा गुन्हेगार कोपरा एकटा खाली सापडतो. कधी उलटं पण दिसतं, एक कोपरा सकाळी वर गेलेला. ते बघून गोंधळू नका, वॉल्व्ह ब्लॉकमधला वॉल्व्ह नीट बसत नसला की टाकीतली हवा हळूहळू त्या बेलोत सरकते.

थंडीचा हिशोब पण मनात असू द्या. बेलोवर गाडीचं वजन तेवढंच राहतं म्हणजे आतला दाब जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे हवा गार झाली की तिचं आकारमान कमी होतं. संध्याकाळी ३० अंश आणि पहाटे १० अंश असेल तर २० अंशांचा फरक, आणि हिशोब केल्विनमध्ये करायचा म्हणजे ३०३ वरून २८३, साधारण साडेसहा टक्के. बेलोच्या उंचीत हे सहज काही मिलीमीटर ते सेंटीमीटरभर दिसू शकतं. चारही कोपरे असे थोडे थोडे आणि सारखे खाली आले असतील तर लगेच बेलो मागवू नका.

गळती नक्की कुठे हे साबणाच्या पाण्याने कळतं, स्प्रे बाटलीत भरून मारायचं आणि बुडबुडे बघायचे. बेलोला भेगा पडतात त्या जिथे रबर आत वळून घडी पडते तिथे, आणि ती घडी नॉर्मल उंचीला आत लपलेली असते, म्हणून गाडी उंच मोडवर नेऊन तिथे फवारा. नळी जिथे बेलोला आणि वॉल्व्ह ब्लॉकला जोडली जाते ते जोड पण बघा, खूप वेळा बेलो चांगला असतो आणि पितळी जोडातूनच हवा जाते. आणि इथे एकदम मनापासून सांगतो, हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात, डोकं काही घालायचं नाही. जोड सैल केला किंवा वॉल्व्ह उघडला की गाडी सेकंद दोन सेकंदात खाली येते आणि दोन-अडीच टनांचं वजन थांबत नाही. बॉडी पक्क्या जॅक स्टँडवर ठेवा, गाडीत जॅक मोड (जॅक लावताना उंची आपोआप बदलू न देणारा) असेल तर तो लावा, नाहीतर फ्यूज काढा. जॅकवर असताना मॉड्यूल जागा असला तर त्याला वाटतं गाडी फार वर गेली आणि तो हवा सोडायला लागतो, मग बेलो रिकामा होऊन घडी चुकते आणि तशीच गाडी खाली सोडली तर रबर चिमटीत सापडून फाटतं.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. त्याच्या पिस्टनची सील झिजते, तो आवाज करतो पण दाब तयार करत नाही, फार वेळ चालला की तापतो आणि मॉड्यूल त्याला बंद करतो. लोक कॉम्प्रेसर बदलतात आणि गळती तशीच ठेवतात, मग नवा पण तसाच जातो. ड्रायरचे दाणे जुने होऊन त्यांची पूड झाली की ती वॉल्व्हमध्ये जाते आणि गाडी वर जाते पण खाली येत नाही किंवा खूप हळू येते. आणि रिले, म्हणजे कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा विजेचा स्विच. रिलेचे पॉइंट चिकटले की कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि जळून जातो, कॉम्प्रेसर बदलणार असाल तर रिले त्याच दिवशी बदला.

आता समजा हवेचं सगळं ठीक निघालं, आणि टेप व मॉड्यूल भांडतायत. मग सेन्सरकडे जायचं, आणि आधी डोळ्यांनी. कांडीच्या दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट असतात, जुन्या गाडीत ते गंजतात किंवा ढिले होतात, बोटाने हलवून बघा, नुसती १ मिलीमीटर खडखड असली तरी चाकापाशी ती वाढून दिसते कारण कांडी आर्मच्या टोकाला जोडलेली नसते, आतल्या बाजूला जोडलेली असते. समजा चाक ३ मिलीमीटर हललं की कांडी १ मिलीमीटर हलते, तर कांडीतली १ मिलीमीटर खडखड म्हणजे चाकापाशी ३ मिलीमीटरचा गोंधळ. ब्रॅकेट वाकलेला आहे का बघा, दगड लागून किंवा कोणी जॅक चुकीच्या जागी लावून तो वाकतो. दांडा कधीकधी मधला बिंदू ओलांडून उलट्या बाजूला वळलेला असतो, विशेषतः कोणी सस्पेन्शनचं काम करून गेल्यावर, आणि मग मॉड्यूलला वर म्हणजे खाली दिसतं.

मग वीज. बऱ्याच गाड्यांत सेन्सरला ५ व्होल्ट मिळतात आणि तो साधारण अर्ध्यापासून साडेचार व्होल्टपर्यंत परत देतो (काही नव्या गाड्यांत सिग्नल वेगळ्या पद्धतीचा असतो, तिथे मल्टिमीटर सोडा आणि स्कॅनरवरचाच आकडा बघा). हिशोबाला सोपं म्हणून समजा चाकाची पूर्ण हालचाल २०० मिलीमीटर आणि त्यात व्होल्टेज ४ ने बदलतं, तर १ मिलीमीटरला २० मिलीव्होल्ट झाले. म्हणजे सेन्सरच्या अर्थिंगच्या जोडणीत गंजामुळे ०.२ व्होल्ट अडकले तर कोपरा १० मिलीमीटर चुकला! सेन्सर चांगला, कांडी चांगली, बेलो चांगला, आणि एका हिरव्या पडलेल्या पिनमुळे गाडी तिरकी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण इथे स्कॅनरवाला हमखास कॅलिब्रेशन करून देतो आणि गाडी सरळ दिसते, मग पावसाळ्यात कनेक्टर अजून गंजतो आणि उंची परत सरकते, आणि मालक म्हणतो कॅलिब्रेशन टिकतच नाही. कॅलिब्रेशन मॉड्यूलच्या कायमच्या मेमरीत असतं, ते असं आपोआप पुसलं जात नाही, बॅटरी काढली म्हणून पण सहसा जात नाही. परत परत सरकत असेल तर त्याच्या खालचं काहीतरी सरकतंय. हां, मॉड्यूलच बदलला असेल तर गोष्ट वेगळी, नव्या मॉड्यूलला ह्या गाडीचं काहीच माहीत नसतं, तिथे कॅलिब्रेशन करावंच लागतं, तसंच सेन्सर किंवा त्याचा ब्रॅकेट बदलल्यावर.

सेन्सरची अजून एक परीक्षा घ्या. सिस्टीमचा फ्यूज काढलेला असला की सेन्सरला पण ५ व्होल्ट मिळत नाहीत, त्यामुळे ही परीक्षा गाडी स्टँडवर, इग्निशन चालू, इंजिन बंद आणि दार उघडं ठेवून घ्यायची, बऱ्याच गाड्या दार उघडं असताना उंची बदलत नाहीत, पण तुमची बदलते का ते आधी तपासा. कांडी सोडवा, दांडा हाताने अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि आकडा बघत रहा. तो सलग चढला पाहिजे. जुन्या प्रकारच्या सेन्सरमध्ये आत एक पट्टी आणि तिच्यावर घासणारा काटा असतो, आणि गाडी ९० टक्के आयुष्य नॉर्मल उंचीवर चालते म्हटल्यावर पट्टी झिजते ती बरोबर तिथेच. म्हणजे दोन्ही टोकांना सेन्सर झकास आणि मधे आकडा उडी मारतो. तपासणारा दोन टोकं बघतो आणि म्हणतो सेन्सर ओके.

आता खरंच कॅलिब्रेशन करायची वेळ आली असं धरू. मला वाटतं ह्या कामात स्कॅनरचा भाग सगळ्यात सोपा आहे आणि जमीन सगळ्यात अवघड. बहुतेक ठिकाणी फरशीला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या आणि चारही टायर जिथे टेकतात त्या चार जागांची पातळी बघा. पूर्ण जमीन एका बाजूला थोडी उतरती असेल तर त्याचा फार त्रास नाही, त्रास पिळाचा आहे, म्हणजे चारपैकी एक जागा वर किंवा खाली असणं.

का ते बघा. गाडीची बॉडी कडक असते, ती वाकत नाही, डुगडुगणाऱ्या टेबलासारखी गोष्ट आहे. पिळलेल्या जमिनीवर चारही कोपरे एकाच वेळी बरोबर उंचीला येऊच शकत नाहीत, दोन कोपरे तिरप्या रेषेत थोडे जास्त आणि दुसरे दोन थोडे कमी राहणार. तिथे कॅलिब्रेशन सेव्ह केलं तर तो पीळ मॉड्यूलच्या मेमरीत गेला. मग सपाट रस्त्यावर मॉड्यूल तोच पीळ शोधत बसतो, बॉडी काही पिळत नाही, म्हणून तो एका तिरप्या जोडीत हवा भरत जातो आणि दुसऱ्या जोडीतली सोडत जातो. बाहेरून गाडी जवळपास सरळ दिसते पण दोन चाकांवर वजन जास्त आणि दोनवर कमी, ब्रेक मारताना आणि वळताना ते जाणवतं, कॉम्प्रेसरला पण उगाच काम. जमीन परफेक्ट मिळाली नाही तर टायरखाली पातळ प्लायवुडच्या पट्ट्या टाकून पातळी जुळवा, त्यात कमीपणा काही नाही.

बाकी तयारी अशी की टायरची हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे आणि डावी-उजवी सारखी, गाडी रिकामी, इंधन मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढं, आत कोणी बसायचं नाही, दारं बंद, आणि बॅटरीला चार्जर लावलेला, कारण कॉम्प्रेसर चालला की जुन्या बॅटरीचं व्होल्टेज पडतं आणि मॉड्यूल मधेच काम सोडतो. मॉड्यूलने नोंदवलेले बिघाडाचे जुने कोड आधी वाचून, कारण दूर करून मग पुसायचे, कोड असेल तर बऱ्याच गाड्या कॅलिब्रेशन सुरूच करू देत नाहीत.

आणि मोजण्याच्या आधी गाडी दोन-चार मीटर पुढे मागे ढकला. हे कोणी करत नाही आणि ह्यानेच आकडे फसतात. सस्पेन्शन खाली-वर होताना चाकं बाहेर आणि आत सरकत असतात, टायर जमिनीला धरून बसलेला असतो, त्यामुळे गाडी आपल्या खऱ्या उंचीवर बसतच नाही, अडकून राहते. चाकं फिरली की टायर मोकळा होतो. म्हणूनच हँडब्रेक सोडून न्यूट्रलमध्ये, चाकांपुढे ठोकळे थोडं अंतर ठेवून लावून, काम करायचं.

मोजताना प्रत्येक कोपरा तीनदा मोजा, दरवेळी सारखा आकडा यायला हवा. मडगार्डवर प्लास्टिकची पट्टी असेल तर ती ढिली नाही ना बघा, आणि गाडी कधी ठोकलेली असेल तर मडगार्डची कड मुळातच चुकीच्या जागी असू शकते, मग चॅसीवरच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या जागा धरून डाव्या-उजव्याचा फरक ताडून बघा. पुढे गाडीनुसार पद्धत बदलते, काही ठिकाणी तुम्ही मोजलेले आकडे स्कॅनरमध्ये भरायचे आणि मॉड्यूल फरक स्वतः काढतो, काही ठिकाणी स्कॅनरवरून कोपरा वर-खाली करत ठरलेल्या आकड्यावर आणायचा आणि मग सेव्ह करायचं. भरताना डावा-उजवा नीट बघा, अदलाबदल झाली तर झुकाव दुप्पट होतो.

सेव्ह झालं म्हणजे झालं नाही. गाडी पूर्ण वर न्या, पूर्ण खाली आणा, परत नॉर्मलला आणा, थोडी चालवून या आणि परत मोजा. रेंज रोव्हरमध्ये वर जाताना आधी मागचा भाग उचलला जातो आणि खाली येताना आधी पुढचा, म्हणजे हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जात नाहीत, त्यामुळे मधल्या टप्प्यात गाडी तिरकी दिसली तर घाबरू नका, शेवटी कुठे थांबते ते बघा. डावी-उजवी ५ मिलीमीटरच्या आत आली तर जुन्या गाडीला मी समाधानी असतो. मॉड्यूलला स्वतःलाच थोडी सूट दिलेली असते, नाहीतर प्रत्येक मिलीमीटरसाठी कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहिला असता.

आणि दोन कामं राहतात जी लोक विसरतात. व्हील अलाइनमेंट कॅलिब्रेशनच्या नंतर करायची, आधी नाही, कारण उंची बदलली की चाकाचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (पुढून आत-बाहेर वळण) दोन्ही बदलतात, बसलेल्या गाडीत चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो, बाहेरून बघितलं तर टायर नवा दिसतो. दुसरं हेडलाइट. स्वतः लेव्हल होणारे हेडलाइट बऱ्याच गाड्यांत ह्याच हाइट सेन्सरवरून चालतात, तेव्हा त्यांची बेसिक सेटिंग परत करून घ्या. ह्याच कारणाने कांडी बदलून गाडी कायमची वर किंवा खाली करण्याचा जो शॉर्टकट आहे तो मला आवडत नाही, मॉड्यूलला फसवलं की हेडलाइट पण फसतात, अलाइनमेंट पण जाते, आणि वर केलेल्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून त्याचे रबरी बूट फाटतात.

सगळं झालं की एका कागदावर तारीख, चार कोपऱ्यांच्या उंच्या आणि त्याच वेळी स्कॅनरवर दिसणारे चार सेन्सरचे आकडे लिहून तो कागद गाडीच्या कप्प्यात टाका. दोन आठवड्यांनी परत मोजा. उंची बदलली पण सेन्सरचा आकडा तोच असेल तर कांडी, ब्रॅकेट किंवा वायरिंगकडे जा, उंची आणि आकडा दोन्ही बदलले असतील तर हवेकडे जा. माझ्या गाडीत तो कागद आता चार वर्षांचा आहे, त्यावर अकरा ओळी आहेत, आणि गेल्या वेळी पुढचा डावा बेलो जायला लागलाय हे दिवा लागायच्या दीड महिना आधी त्याच्यावरूनच कळलं.